नकाशावरची पांढरी जागा

शहरांचा कारभार माहितीच्या विश्लेषणाने सुधारावा, या विषयावरची चर्चा बहुधा सेन्सर, मोठमोठे पडदे आणि नवनव्या संगणकीय प्रणालींपासून सुरू होते. मला ती तक्रारींच्या नकाशापासून सुरू करावीशी वाटते. एखाद्या शहरात वर्षभरात आलेल्या सर्व नागरी तक्रारी घ्याव्यात, प्रत्येकीसाठी नकाशावर एक ठिपका द्यावा आणि तो नकाशा भिंतीवर लावावा. काही भागांत ठिपक्यांची एवढी दाटी होते की खालचे रस्ते दिसेनासे होतात, आणि काही भाग पांढरेशुभ्र राहतात. अशा नकाशांसमोर झालेल्या बऱ्याच बैठकांना मी कामानिमित्त बसलो आहे, आणि तेथे हमखास कोणीतरी त्या पांढऱ्या भागाकडे बोट दाखवून म्हणते की निदान तेथे तरी सगळे ठीक चालले आहे. कधी ते खरेही असते. परंतु ते खरे आहे की नाही, हे तो नकाशा सांगू शकत नाही, आणि शहराच्या डेटावर काम करणाऱ्याचा सगळा कस मला येथेच लागताना दिसतो.

तक्रार नोंदली जाण्यासाठी नुसता बिघाड पुरेसा नसतो. तक्रार करणाऱ्याकडे फोन असावा लागतो, कामाच्या वेळेत थोडी सवड असावी लागते, कार्यालयाची भाषा लिहिता-बोलता यावी लागते, आपण राहतो ती जागा कागदोपत्री आपली आहे याची खात्री असावी लागते आणि पूर्वी केव्हातरी तक्रार केल्यावर काम झाले होते, अशी एखादी आठवण गाठीशी असावी लागते. यांतले एक जरी नसले तरी गटार तुंबलेले राहते आणि नकाशा पांढरा राहतो. ज्या वस्तीत सेवा सर्वांत निकृष्ट, त्या वस्तीने तक्रार करणे केव्हाच सोडून दिलेले असू शकते. मग तक्रारींच्या संख्येनुसार दुरुस्तीचे पैसे वाटणारी, वरकरणी अगदी वस्तुनिष्ठ दिसणारी पद्धत जेथे आधीच ऐकले जाते तेथेच आणखी ऐकू लागते.

नोंद झालेल्या तक्रारीचेही खरे नाही. एकदा रस्त्यावरील दिव्यांच्या नोंदींचा तक्ता मी ओळ-ओळ वाचत होतो. बंद दिव्याची एक तक्रार सकाळी दाखल झालेली आणि वीसेक मिनिटांतच निकाली निघालेली दिसली. एवढ्या वेळात शिडी घेऊन माणूस पोहोचणेही अवघड होते. खालच्या ओळी पाहिल्यावर उलगडा झाला: तो खांब आपल्या अखत्यारीत नाही म्हणून पहिल्या विभागाने तक्रार दुसऱ्याकडे पाठवली होती, आणि पाठवताना स्वतःच्या खात्यातून बंद केली होती. दुसऱ्या विभागात ती नव्या क्रमांकाने जन्माला आली आणि तेथूनही पुढे गेली. दिवा बंदच होता, पण प्रत्येक टोलवाटोलवीगणिक तक्रार निकाली काढण्याचा सरासरी वेळ मात्र सुधारत होता. तक्त्यात कोणी खोटे लिहिले नव्हते. प्रत्येक रकाना नियमाप्रमाणे भरलेला होता.

हा दोष केवळ माणसांनी भरलेल्या नोंदींचा आहे आणि यंत्राने आपोआप गोळा केलेल्या माहितीत तो नसतो, असे मानण्याची सोय नाही. अमेरिकेतील बॉस्टन शहराने २०१२च्या सुमारास ‘स्ट्रीट बंप’ नावाचे एक अ‍ॅप आणले. गाडी चालवताना फोन सोबत ठेवला की त्यातील हालचाल मोजणारा सेन्सर रस्त्यावरचा धक्का टिपणार आणि त्याचे ठिकाण शहराला कळवणार, म्हणजे कोणी तक्रार न करता खड्डे सापडणार, अशी ती सुरेख कल्पना होती. मात्र त्या काळी स्मार्टफोन आणि मोटार हे दोन्ही ज्यांच्याकडे असे, ते शहरभर सारखे विखुरलेले नव्हते. गरीब आणि वृद्धांच्या वस्त्यांतले रस्ते या यंत्राच्या दृष्टीने गुळगुळीत ठरले असते. शहराच्या अधिकाऱ्यांना हे उमगले होते, ही मला या प्रकरणातली सर्वांत वाखाणण्याजोगी गोष्ट वाटते. त्यांनी ते अ‍ॅप आधी शहरभर फिरणाऱ्या आपल्याच रस्ते-निरीक्षकांच्या हाती दिले. शिवाय धक्क्यांचा शोध घेता घेता असेही निष्पन्न झाले की त्यांतले पुष्कळसे धक्के खड्ड्यांचे नसून रस्त्याच्या पातळीखाली खचलेल्या मॅनहोलच्या झाकणांचे होते, आणि ती झाकणे ज्या सेवा-कंपन्यांची, त्यांच्याकडे दुरुस्तीसाठी जावे लागणार होते. खड्डा शोधणाऱ्या यंत्राने प्रश्नच बदलून दिला. चांगल्या विश्लेषणात असे घडते.

पांढऱ्या जागा वाचण्याच्या या कलेचा आद्य पाठ मात्र फोन आणि सेन्सर येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. १८५४ साली ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने थैमान घातले आणि थोड्या दिवसांत सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले, ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवती त्यांची गर्दी दिसली आणि पंपाचा दांडा काढण्यात आला, ही गोष्ट माहिती-विश्लेषणाच्या प्रत्येक व्याख्यानात सांगितली जाते. ती गर्दी तशी कोणालाही दिसली असती, आणि रोग दूषित हवेने पसरतो असे मानणाऱ्यांना तिचा अर्थ ‘त्या गल्लीतली हवाच वाईट’ असा सहज लावता आला असता. स्नो यांचे मोठेपण मला जेथे मृत्यू असायला हवे होते पण नव्हते, अशा जागांकडे पाहण्यात दिसते. पंपाच्या जवळच असलेल्या पोलंड स्ट्रीटवरील अनाथ-निर्धनांच्या आश्रयगृहात ५३५ माणसे राहत होती आणि त्यांतली केवळ ५ दगावली. त्या इमारतीची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यात सत्तरच्या आसपास कामगार होते आणि त्यांच्यापैकी एकही कॉलऱ्याने मेला नाही. त्यांना कारखान्याचीच बिअर मिळे आणि ते पंपाच्या पाण्याला तोंड लावत नसत. उलट, दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्ध विधवा दगावली, आणि चौकशीत कळले की तिला याच पंपाचे पाणी आवडत असल्याने ते रोज तिच्याकडे नेले जाई. हवेच्या सिद्धांताला या तीन जागा ओलांडता येत नव्हत्या.

या कथेतली दोन माणसे सहसा मागे पडतात. एक विल्यम फार. जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात त्यांनी मृत्यूचे कारण आणि ठिकाण शिस्तीने नोंदवण्याची पद्धत रुजवली होती. स्नो यांनी पहिल्या काही दिवसांतील ८३ मृत्यूंची यादी याच कार्यालयातून मिळवली. ती यादी नसती तर नकाशावर मांडायला काहीच नव्हते. दुसरे हेन्री व्हाइटहेड हे तेथील तरुण धर्मोपदेशक. स्नो यांचे म्हणणे चूक आहे असे त्यांचे मत होते आणि ते खोडून काढण्यासाठीच त्यांनी घरोघर जाऊन चौकशी सुरू केली. ओळखीमुळे त्यांना वाचलेल्यांशी बोलता आले आणि वस्ती सोडून गेलेल्यांचाही माग काढता आला. अखेर त्यांचेच मत बदलले, आणि पंपाच्या विहिरीलगतच्या ४० क्रमांकाच्या घरातील एका तान्ह्या बाळाच्या आजारापर्यंत साथीचा उगम त्यांनीच नेऊन पोहोचवला. त्या घराचा मैलाखड्डा विहिरीत पाझरत होता. कार्यालयातील शिस्तबद्ध नोंद, त्या नोंदीतल्या रिकाम्या जागांवर बोट ठेवणारा चिकित्सक आणि वस्तीने ज्याला दार उघडले असा माणूस, हे तिघे तेथे एकाच वेळी होते. आजच्या प्रकल्पांत यांपैकी पहिल्या दोघांसाठी निविदा निघते, तिसऱ्यासाठी मी कधी निघालेली पाहिली नाही.

तिसरा नसला की काय होते, याचे उदाहरण म्हणून मी नेहमी न्यूयॉर्कच्या अग्निशमन केंद्रांकडे पाहतो. १९६९ साली तेथे रँड या नामांकित संशोधन संस्थेने शहरासोबत एक स्वतंत्र केंद्र स्थापले आणि अग्निशमन दल हा त्याचा एक मुख्य अभ्यासविषय होता. गाडी केंद्रातून निघून आगीपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे मोजमाप त्यांनी प्रमाण मानले, कारण ते मोजता येण्याजोगे होते. जेथे आगी वारंवार लागतात अशा दाट, गरीब वस्त्यांत केंद्रे एकमेकांजवळ होती. गणिताच्या दृष्टीने तेथील एखादे केंद्र बंद केले तरी शेजारचे केंद्र हाकेच्या अंतरावर होते, म्हणून प्रवासाचा वेळ फारसा वाढत नव्हता. पण शेजारच्या केंद्रातली गाडी त्या क्षणी आधीच दुसऱ्या आगीवर गेलेली असू शकते, किंबहुना अशा वस्तीत बऱ्याचदा ती गेलेलीच असते, ही रात्रपाळीच्या कोणत्याही जवानाला ठाऊक असलेली गोष्ट त्या मोजमापात नीट उतरली नव्हती. १९७०च्या दशकात आर्थिक तंगीच्या काळात शहराने केंद्रे बंद केली तेव्हा त्यांतली अनेक केंद्रे साउथ ब्राँक्ससारख्या, आगींनी आधीच होरपळणाऱ्या भागांतली होती. तो भाग जळाला त्याला ओस पडत चाललेल्या इमारती, घरमालकांनी फिरवलेली पाठ, विम्यासाठी मुद्दाम लावलेल्या आगी अशी अनेक कारणे होती, आणि सारे खापर एका गणितावर फोडणे अन्यायाचे होईल. तरीही, ज्या वेळी बंब हवे होते त्या वेळी ते काढून घेण्याला त्या गणिताने शास्त्रीयतेचा शिक्का दिला, हे उरतेच.

त्याच शहरात सुमारे चार दशकांनी झालेले एक काम मी याच्या शेजारी ठेवतो. एका घराचे बेकायदा लहान-लहान खोल्यांत तुकडे करून त्यांत क्षमतेच्या कितीतरी पट माणसे कोंबलेली असतात आणि अशा इमारतींत आग लागली तर बाहेर पडायला वाट नसते. न्यूयॉर्कमध्ये अशा इमारतींबद्दल वर्षाला सुमारे २५,००० तक्रारी येत आणि त्या तपासायला निरीक्षक सुमारे २००. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या कार्यालयात माइक फ्लॉवर्स यांच्या नेतृत्वाखालील एका छोट्या गटाने शहरातल्या सुमारे नऊ लाख इमारतींची माहिती एकत्र आणली: थकलेला कर, कर्जापोटी जप्ती, वीजवापरातील विचित्र चढउतार, उंदरांच्या तक्रारी, रुग्णवाहिकेच्या खेपा. तिच्याशी मागच्या पाच वर्षांतील आगींची नोंद ताडून पाहिली. पूर्वी निरीक्षक गेल्यावर इमारत तातडीने रिकामी करावी लागण्याचे प्रमाण १३ टक्के होते. ते ७० टक्क्यांच्या वर गेले.

या आकड्यापेक्षा मला त्याच्या आधीचे काम अधिक महत्त्वाचे वाटते. एकाच इमारतीला प्रत्येक खाते वेगळ्या खुणेने ओळखत असे. बांधकाम खात्याचा स्वतःचा क्रमांक, अग्निशमन दलाची जुनी पद्धत रस्त्यावरील आगसूचक पेटीपासूनच्या अंतराची, पोलिसांची वेगळीच. या सगळ्यांची सांगड घालून ‘ही आणि ती इमारत एकच’ हे ठरवण्यात या गटाचे बरेच श्रम गेले. अशा कामाचे छायाचित्र कोणी काढत नाही, पण ज्याने कधी दोन खात्यांचे तक्ते एकमेकांना जोडून पाहिले आहेत त्याला ते वाचूनच थकवा येईल. जुने नाव, नवे नाव, घर क्रमांकामागचे ‘अ’ आणि ‘ब’, एकाच चौकाला तीन नावे: शहराच्या डेटाचे निम्मे आयुष्य यातच जाते.

दुसरी गोष्ट विटांची. गटातील लोक निरीक्षकांबरोबर प्रत्यक्ष तपासणीला जात. एका इमारतीसमोर उभे राहून एक अनुभवी निरीक्षक आत जाण्याआधीच म्हणाला की येथे काही सापडणार नाही. कशावरून, असे विचारल्यावर त्याने बाहेरच्या नव्या वीटकामाकडे बोट दाखवले: दर्शनी भिंतीवर पैसे खर्च करणारा मालक सहसा आत माणसे कोंबत नाही. वीटकामाचे परवाने शहर देतच होते, पण तो तक्ता या प्रश्नाशी जोडावा असे कोणाच्या मनात आले नव्हते. गटाने तो जोडला आणि अनुमान अधिक नेमके झाले. त्या निरीक्षकाला हे ज्ञान वर्षानुवर्षे होते. ते कोणत्याही रकान्यात नव्हते, इतकेच.

पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात मोजमापाचा एक फार देखणा प्रकार आहे. वितरणाचे जाळे लहान-लहान भागांत विभागतात, प्रत्येक भागाच्या तोंडाशी मीटर बसवतात आणि पहाटे दोन ते चारच्या दरम्यानचा प्रवाह पाहतात. त्या वेळी माणसे झोपलेली असतात, नळ बंद असतात, म्हणून प्रवाह दिवसातील सर्वांत कमी असायला हवा. रात्रीच्या रास्त वापराचा अंदाज वजा केला की जे वाहत राहते ते बहुतांशी जमिनीखाली मुरणारे पाणी असते. एखाद्या भागाचा पहाटेचा आकडा कालच्यापेक्षा चढला की तेथे नवी गळती झाली असा निष्कर्ष निघतो आणि पथक तेथे जाते. पुढचे काम कानाचे. धातूची लांब कांडी व्हॉल्व्हवर किंवा रस्त्यावर टेकवायची, दुसऱ्या टोकाच्या पडद्याला कान लावायचा आणि पाण्याच्या फुसफुशीचा आवाज कोठे वाढतो ते पावलापावलाने शोधायचे. वाहतूक थांबलेली असते म्हणून हेही रात्रीच करायचे. टोकियोत महायुद्ध संपले तेव्हा वितरणातील सुमारे ८० टक्के पाणी गळून जात होते. आज ते प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. त्यामागे जुन्या शिशाच्या नळजोडण्या बदलून पोलादी नळ टाकण्याचे अनेक दशकांचे काम आहे आणि रात्री कान लावून फिरणाऱ्यांची परंपराही आहे.

हा प्रकार वाचून कोणालाही तो उचलून आपल्याकडे आणावासा वाटेल, आणि तेथेच तो फसतो. पहाटेचा किमान प्रवाह पाहायचा तर पहाटे नळाला पाणी असावे लागते. ज्या शहरांत पाणी दिवसातून काही तासच सोडले जाते तेथे पहाटे दोनला नळवाहिनी रिकामी असते, मीटर शून्य दाखवतो, आणि ते शून्य गळतीच नसल्याचे आहे असे एखाद्या आज्ञावलीने खुशाल ठरवले तर तिला दोष देता येत नाही. पाणी सुटते तेव्हा सगळे नळ एकदम उघडतात, टाक्या भरतात, आणि वापर कोणता व गळती कोणती हे वेगळे काढता येत नाही. शिवाय सार्वजनिक नळकोंडाळ्यावर मीटर नसेल तर तेथे गेलेले पाणी कागदावर ‘हिशेबबाह्य’ ठरते, म्हणजे गळती, चोरी आणि एखाद्या वस्तीची तहान या तिन्ही एकाच बेरजेत जातात. असा आकडा समोर आला की मला तो कमी करण्याचीच भीती वाटते, कारण सर्वांत सोपा उपाय नळकोंडाळे बंद करणे हा असतो.

वाहतुकीच्या सिग्नलबद्दल थोडक्यातच सांगतो. गाड्यांच्या संख्येनुसार हिरव्या दिव्याची वेळ बदलणाऱ्या प्रणाली १९७०च्या दशकापासून वापरात आहेत. सिडनीत विकसित झालेली ‘स्कॅट्स’ त्यांतली प्रसिद्ध. रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यावरून धातू गेला की ते त्याची नोंद घेते. साठ प्रवाशांची बस आणि एकट्या माणसाची मोटार त्या वेटोळ्याला सारखीच, आणि चालणारा माणूस तर त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. मग चौकातील ‘सरासरी विलंब’ कमी झाल्याचे जाहीर होते तेव्हा तो कोणाचा विलंब होता, हे विचारावे लागते. स्वीडनमधील कार्ल्सकूगा या गावाने २०११ साली बर्फ उपसण्याच्या क्रमाचा असाच फेरविचार केला. आधी मोठे रस्ते मोकळे होत आणि पदपथ शेवटी. प्रवासाच्या सवयी तपासल्यावर दिसले की मोटारीने जाणाऱ्यांत पुरुष अधिक, आणि मुलांना सोबत घेऊन पायी किंवा बसने जाणाऱ्यांत स्त्रिया अधिक. घसरून जखमी होणाऱ्यांत पायी चालणारेच जास्त असत, हे रुग्णालयांना ठाऊक होते. रस्ते खात्याच्या तक्त्यात मात्र ही माहिती नव्हती. क्रम उलटवायला जास्तीचा खर्च लागला नाही.

नियंत्रण कक्षांविषयी माझे मत फारसे चांगले नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. भिंतभर पडदे, त्यांवर हलणारे आलेख आणि समोर रांगेत बसलेले कर्मचारी यांचे दृश्य पाहुण्यांना दाखवण्यासाठी उत्तम असते. पण रिओ द जानेरोचे उदाहरण मला दोन्ही बाजूंनी विचार करायला लावते. एप्रिल २०१० मध्ये तेथे अतिवृष्टीने दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आयबीएमच्या साहाय्याने अनेक खात्यांना एका छताखाली आणणारे संचालन केंद्र सुरू झाले. जगभर छायाचित्रे त्या पडद्यांचीच पोहोचली. माझ्या दृष्टीने अधिक मोलाचे काम २०११पासून डोंगरउतारावरच्या वस्त्यांत झाले: तेथे पर्जन्यमापक आणि भोंगे बसवले गेले, पावसाची ठरावीक मर्यादा ओलांडली की भोंगा वाजेल आणि लोकांनी आधीच ठरवलेल्या सुरक्षित जागी जायचे अशी व्यवस्था झाली, आणि वस्तीतल्याच स्वयंसेवकांना त्यासाठी तयार करण्यात आले. माहिती ज्याच्या जिवाशी निगडित, त्याच्यापर्यंतच ती तेथे परत जात होती. कक्षातील पडद्यांपैकी निम्मे बंद पडले असते तरी भोंगा वाजू शकला असता, असे मला वाटते.

येथपर्यंत वाचणाऱ्याला वाटेल की सारा उपाय पांढऱ्या जागा भरून काढण्यात आहे: अधिक सेन्सर, अधिक नोंदी, प्रत्येक उंबऱ्यापर्यंत मोजणी. माझी तेथे हरकत आहे, कारण काही जागा पांढऱ्या असतात त्या तेथल्या माणसांना तशाच हव्या असतात म्हणून. भाडेकरार नसलेला भाडेकरू, परवाना नसलेला फेरीवाला, कागदपत्रे अपुरी असलेला स्थलांतरित यांना अनुभवाने ठाऊक असते की नोंद झाली की मागून नोटीस येते. दिवाबत्तीसाठी गोळा केलेली माहिती अतिक्रमण हटवणाऱ्या पथकाच्या हाती जाणार नाही, याची हमी देणारी व्यवस्था नसेल तर त्यांचे गप्प राहणे हा शहाणपणाच ठरतो. नावे काढून टाकली आहेत, हे आश्वासनही आपण समजतो तेवढे भक्कम नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि असे आढळले की एखादा माणूस कोणत्या वेळी कोठे होता याचे केवळ चार ठिपके ठाऊक असले तर ९५ टक्के लोक इतरांपासून वेगळे ओळखता येतात. २०१४ साली न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या एका वर्षातल्या सतरा कोटींहून अधिक फेऱ्यांची माहिती अशीच खुली झाली. गाड्यांचे क्रमांक सांकेतिक रूपात लपवले होते, पण त्या क्रमांकांची रचना इतकी ठरावीक होती की सगळे शक्य क्रमांक सांकेतिक रूपात बदलून पाहिले आणि गुपित उघडे पडले.

टोरांटोच्या जलकाठावर गूगलच्या ‘साइडवॉक लॅब्ज’ या भगिनी कंपनीने २०१७ साली जाहीर केलेली वसाहत याच प्रश्नावर अडखळली. पुढच्या वर्षी खाजगीपणाविषयीच्या तेथील सल्लागार ॲन कावुकियन यांनी राजीनामा दिला, कारण माहिती गोळा होताक्षणी तिच्यातील ओळख पुसली जाईल, हे बंधन त्या प्रकल्पातील इतर सहभागी संस्थांवर असणार नव्हते. मे २०२० मध्ये कंपनीने महासाथीमुळे आलेल्या आर्थिक अनिश्चिततेचे कारण देऊन प्रकल्प सोडला. महासाथ आली नसती तर तो पूर्ण झाला असता काय, याबद्दल मला शंका आहे.

या सर्व उदाहरणांत ज्याच्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो ते स्टॉकहोम आहे, कारण तेथे आधी प्रश्न ठरला, मग मोजणीची मुदत ठरली आणि मग निर्णय झाला. ३ जानेवारी २००६ रोजी शहराच्या मध्यभागात मोटार आणण्यावर गर्दीशुल्क सुरू झाले आणि ते ३१ जुलैला बंद होणार हे आधीच जाहीर होते. सुरुवातीला बहुसंख्य लोक विरोधात होते. शुल्क लागू होताच मध्यभागाच्या सीमेवरची वाहतूक सुमारे एक पंचमांशाने घटली. जुलैअखेर शुल्क थांबले आणि गाड्या पुन्हा वाढल्या. म्हणजे आधी, दरम्यान आणि नंतर या तिन्ही अवस्था लोकांनी कोणत्याही आलेखाशिवाय, स्वतः रस्त्यावर उभे राहून पाहिल्या. सप्टेंबरात सार्वमत झाले तेव्हा शहरातील निसटत्या बहुमताने शुल्काच्या बाजूने कौल दिला. शेजारच्या ज्या नगरपालिकांनी स्वतःचे सार्वमत घेतले, तेथील बहुसंख्य मतदार मात्र विरोधात गेले. रोज शहरात गाडी घेऊन येणारे आणि शुल्क भरणारे त्यांतलेच अनेक होते. वाहतुकीच्या मोजणीत त्यांची प्रत्येक फेरी नोंदली गेली होती, पण निर्णय शहराच्याच कौलावर होणार असे शहराच्या नेत्यांनी आधी सांगितले होते. देशाच्या नव्या सरकारने ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम केले आणि त्याचे उत्पन्न स्टॉकहोम परिसरातील रस्त्यांकडे वळवले. त्या वळवण्यावरून पुढे पुन्हा वाद झाले.